कॉफी रंगाची पापणी

शालूबाई नारळांची पिशवी घेऊन खोलीच्या दारात आली आणि तिथंच थबकली. सून साडी नेसून, गजरा माळून पलंगाच्या कडेला बसली होती आणि मघाशी घातलेले झुबे एकेक करून कानातनं काढत होती.

“आगं, काढतीस कशाला? खाली गाडी येऊन उभी हाय.”

“मी येत नाही आत्या,” निशिगंधा म्हणाली. “सांगा तिकडं, डोकं दुखतंय म्हणून.”

शालूबाईनं पिशवी खाली ठेवली. आज तिच्या धाकट्या मुलाचा, पृथ्वीराजचा साखरपुडा. मुलगी कोडोलीची, मंडप मुलीच्याच दारात. थोरला विश्वजित नवरदेवाला आणि पै-पाहुण्यांना घेऊन सकाळीच पुढं गेला होता. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये मागं राहिल्या होत्या या दोघी, आणि खाली भाड्याच्या गाडीत फळांच्या करंड्या नीट लावत बसलेला शालूबाईचा नवरा कृष्णात. थोरली जाऊ म्हणून नव्या मुलीची ओटी भरायची होती ती निशिगंधानंच. ती गेली नाही तर पाहुणे काय म्हणतील, हा विचार शालूबाईच्या मनात आला खरा, पण सुनेच्या तोंडाकडं बघून तिनं तो गिळला. डोकं दुखत नव्हतं, हे तिला कळत होतं. दुखणं डोळ्याचं होतं.

दिवाळी सरून थंडी पडायला लागली, त्या दिवसांतली गोष्ट. एका सकाळी चूळ भरताना निशिगंधाच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातनं पाणी गळायला लागलं. ती तशीच स्वयंपाकघरात आली आणि “आत्या, बघा हो” म्हणायला गेली, तर तिला ‘ब’ म्हणताच येईना. ओठाला ओठ लागेना. शालूबाईनं वळून पाहिलं तर पोरीचं अर्धं तोंड रडवेलं झालेलं आणि अर्धं नुसतं लोंबलेलं, त्याला सुख-दुःखाचा पत्ताच नाही. शालूबाई अशी ओरडली की मजल्यावरची सगळी दारं उघडली. माहेरी चंदगडला तिचा चुलता लकव्यानं अंथरुणाला खिळून गेला होता. तेच तिच्या डोळ्यांपुढं आलं.

पण डॉक्टर म्हणाले, हा तसला लकवा नव्हे. चेहऱ्याची शीर सुजलीय. गोळ्या घ्या, तोंडाचे व्यायाम करा, धीर धरा. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत पूर्ण बरं होतं. घरी येताना रिक्षात कृष्णात ‘पूर्ण बरं होतं’ एवढंच धरून बसला आणि शालूबाई ‘बहुतेकांचं’ या शब्दाला अडकून राहिली.

तोंड हळूहळू वळणावर आलं. आधी ‘ब’ आला, मग ‘प’ आला. मग चहा न सांडता पिता यायला लागला. हसताना उजवी बाजू जरा मागं राहायची, तेवढंच. उजवा डोळा मात्र हटून बसला. तो मिटायचाच नाही. दिवसभर थेंब घालायचे आणि झोपताना मलम लावून वरनं पापणीवर चिकटपट्टी मारायची. विश्वजितला कागलच्या कारखान्यात रात्रपाळी असली की हे काम शालूबाईकडं यायचं. “मीट बघू,” ती म्हणायची. डावा डोळा मिटायचा आणि उजवा अर्धा उघडाच, बुबुळ वर गेलेलं, खाली पांढरं दिसतंय. पुढं पुढं ते पांढरं कमी होत गेलं, दाराला फट राहावी तेवढंच उरलं. सुरुवातीला निशिगंधा विचारायची, “आज किती उघडा आहे?” आणि शालूबाई दडपून सांगायची, “कालच्यापरीस कमी हाय की.” मग एक दिवस पोरीनं विचारायचं सोडलं. शालूबाईनंही मग “मीट बघू” म्हणणं सोडलं. मुकाट्यानं पट्टी लावायची आणि दिवा घालवायचा.

निशिगंधा राजारामपुरीतच एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायची. महिनाभराच्या रजेनंतर ती कामावर गेली, पण तोंडावर मास्क बांधून. रस्त्यावर स्कार्फ आणि गॉगल. घरी कुणी आलं की ती आतल्या खोलीत. कृष्णातची थोरली बहीण, जिला सगळं गोत आक्का म्हणायचं, ती समाचाराला आली तेव्हा तिनं हॉलमधनंच विचारलं होतं, “व्हय गं शालू, आता आसंच ऱ्हाणार काय तिचं?” आक्काचा आवाज चार भिंतींत मावणारा नव्हता. शालूबाईनं दृष्ट काढली, मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, जोतिबाला नवस बोलली. जे जे सुचलं ते केलं.

आता ती सुनेच्या शेजारी पलंगावर बसली.

“खरं सांग. कशाला भ्यालीस?”

निशिगंधानं हातातले झुबे पलंगावर ठेवले. मग म्हणाली, “ओटी भरताना सगळ्यांचे मोबाईल माझ्याच तोंडावर असणार. व्हिडिओवाला असणार. त्यात मास्क घालून बसू का मी? नव्या मुलीच्या मावश्या, आत्या विचारणार, वहिनीच्या डोळ्याला काय झालंय? एक डोळा एवढा, एक एवढा. भाऊजींचा दिवस आहे आत्या. त्यात माझीच चर्चा कशाला?”

शालूबाईनं नीट पाहिलं. खरंच उजवा डोळा मोठा दिसत होता. बिचकून बघितल्यासारखा. डावा आपला नेहमीचा.

“मग त्यो ल्हान दिसंल आसं काय करता येत न्हाय व्हय? तुज्याकडं त्यो एवढा मोठा डबा हाय की रंगांचा.”

तो डबा म्हणजे निशिगंधाच्या आयशॅडोचा. लग्न होऊन आली तेव्हा शालूबाईला तो पहिल्यांदा दिसला आणि रांगोळीचे रंग आहेत असंच वाटलं होतं. चौकोनी चौकोनी कप्पे, त्यात माती, वीट, मोरपीस, अबोली असे नाना रंग. रविवारी कुठं जायचं असलं की सून खिडकीत बसायची, साडीचा पदर डब्याशेजारी धरून बघायची, आणि मग बारीक ब्रशानं पापण्यांवर रंग चढवायची. “डोळ्यावर गुलाल का उधळलायस? जोतिबाला निघालीस काय?” असं शालूबाई हटकायची. निशिगंधा हसायची आणि हवं तेच करायची. वर्षं गेली तशी सासूची जीभ बोथट झाली. पुढं पुढं तर “कालचा बरा हुता, ह्यो जरा फिकाच हाय” असंही ती तोंडातनं काढायला लागली होती. दुखणं आलं आणि डबा कपाटात स्वेटरांच्या खाली गेला.

“करता येतं,” निशिगंधा म्हणाली. “मोठ्या दिसणाऱ्या डोळ्यावर गडद रंग लावायचा, बिनचमकीचा. दुसऱ्यावर फिका. गडदानं डोळा आत गेल्यासारखा, लहान दिसतो. पण पावडर नको म्हणालेत डॉक्टर. डोळा उघडा राहतो, कण आत जातील.”

“आन् पावडर नसलेलं काय?”

“क्रीमचं चालेल म्हणाले, एखाद्या दिवसापुरतं. पापणीच्या केसांपासनं लांब, वरच्या बाजूला.”

म्हणजे पोरीनं डॉक्टरला विचारलं होतं. आपल्याला न सांगता विचारलं होतं. यायची इच्छा होती तर! शालूबाईच्या लक्षात आलं आणि तिच्या जिवाला जरा उभारी आली.

“मग घोडं कुठं पेंड खातंय?”

“लावू कशी? पापणी मिटल्याशिवाय रंग बसणार कुठं? मी सकाळी करून बघितलं. एका बोटानं पापणी खाली ओढून धरायची आणि दुसऱ्या हातानं लावायचं. आरशात काही दिसत नाही, पाणी यायला लागतं, हात थरथरतो. सगळं गालावर आलं. पुसून टाकलं.”

“पार्लरवालीला बोलवायचं.”

“नको.” ती इतक्या चटकन म्हणाली की शालूबाईनं पुढं विचारलं नाही. परक्या बाईनं ती पापणी बोटानं ओढायची आणि मग गल्लीभर सांगत फिरायचं, हे शालूबाईलाही नको होतं.

खालनं गाडीचा हॉर्न वाजला. शालूबाई उठली, कपाट उघडलं, स्वेटर बाजूला सारले आणि डबा काढून सुनेच्या मांडीवर ठेवला.

“मी लावतो की,” ती म्हणाली.

“तुम्ही?”

“का? मला हात न्हाईत काय? रातपाळी आसली की पट्टी मीच लावतो, मग रंग का न्हाय लावणार? तू निस्तं सांग, कुठला आन् कसा.”

निशिगंधानं सासूकडं बघितलं. मग डब्याचं झाकण उघडलं. रंग निवडायला दोघींची डोकी एकत्र आली. साडी वांगी रंगाची, काठ सोनेरी. शालूबाईचं बोट पहिल्यांदा गेलं ते मोरपिशी हिरव्यावर. “ह्यो लाव. झळकतोय बघ कसा.”

“झळकतो म्हणूनच नको. चमकणारा रंग लावला की बघणाऱ्याचं लक्ष आधी तिथंच जातं.”

“मग ह्यो जांभळा. साडीला जुळतोय.”

“जुळतोय, पण पावडर आहे.” तिनं डब्याच्या खालचा कप्पा ओढला. त्यात लिपस्टिकसारख्या दोन जाड कांड्या होत्या. तिनं दोन्हींची रेघ आपल्या मनगटावर ओढली. एक कडक कॉफीसारखी, दुसरी पिकत आलेल्या लाल पेरूच्या गरासारखी. “हे दोनच क्रीमचे. कॉफी उजव्याला. गुलाबी डाव्याला.”

“दोन डोळ्यांना दोन रंग? लोकं हसतील की.”

“कडेला दोन्हीकडं थोडी कॉफी फिरवायची. लांबनं सारखंच दिसतं.” बोलता बोलता तिचा आवाज पूर्वीसारखा झाला होता, क्लासमध्ये समजावून सांगताना व्हायचा तसा. “थांबा, आधी तुमच्यावर करून दाखवते. म्हणजे किती जोर द्यायचा ते कळेल. डोळा मिटा.”

“आगं माझ्यावर कुठं! साठीला आली बाई म्या.”

“मिटा.”

शालूबाईनं डोळे मिटले. ब्रशाचं मऊ टोक पापणीला लागलं आणि तिच्या अंगावर शहारा आला. तिच्या पापणीला आजवर कुणी हात लावलाच नव्हता, लहानपणी आईनं काजळ घातलं असेल तेवढाच. “घासायचं नाही,” निशिगंधा सांगत होती. “टेकवायचं आणि उचलायचं, टेकवायचं आणि उचलायचं. बाहेरच्या कोपऱ्यापासनं आत. मग कोऱ्या ब्रशानं कड पुसट करायची. रंग कुठं संपला ते दिसता कामा नये.”

शालूबाईनं एका डोळ्यानं आरशात पाहिलं. स्वतःचीच पापणी तिला अनोळखी वाटली. वाईट दिसत नव्हती.

“बस कर, बस कर. माझं न्हवं, तुझं करायचं हाय,” म्हणत तिनं हात साबणानं धुऊन खसाखसा पुसले. तिच्या बोटांची तिला भीती होती. माहेरी काजू फोडून फोडून टरफलाच्या तेलानं बोटांची कातडी जळून गेलेली, ती कधी मऊ झालीच नाही. असल्या बोटांनी त्या नाजूक पापणीला धरायचं. पट्टी लावताना मध्ये चिकटपट्टी असायची. आता मध्ये काहीच नव्हतं.

तिनं निशिगंधाला खिडकीकडं तोंड करून बसवलं. डावा डोळा आधी. तो शहाण्यासारखा मिटला आणि शालूबाईनं पेरूचा रंग लावला. पहिल्यांदा जरा थापला गेला, मग जमला. कड पुसट करताना तर तिला गंमतच वाटायला लागली.

“आता उजवा,” ती म्हणाली. “मीट. मिटंल तेवढा मीट.”

निशिगंधानं मान मागं टेकवली. शालूबाईनं तिच्या उजव्या पापणीवर आपल्या डाव्या हाताचा अंगठा ठेवला आणि अलगद खाली ओढली. निशिगंधाच्या मनगटावरच्या कॉफी रेघेवरनं ब्रश फिरवला. टेकव, उचल. टेकव, उचल. पापणीच्या केसांपासनं लांब. तिची जीभ दातांत आली होती. खाली पुन्हा हॉर्न वाजला. तिनं तिकडं लक्षही दिलं नाही. अर्ध्या पापणीवर रंग बसला आणि ब्रश कोरडा पडला.

रंगाची कांडी उघडायला दोन हात लागायचे. शालूबाईनं अंगठा काढला, कांडीचं टोपण फिरवलं, हाताच्या पाठीवर रंग घासला, ब्रश त्यात फिरवला आणि परत वळली.

पापणी खालीच होती.

तिला वाटलं, आपली नजर चुकली. ती वाकली. जवळ गेली, इतकी की सुनेचा श्वास तिच्या गालाला लागला. वरच्या पापणीचे केस खालच्या पापणीच्या केसांत बसले होते. फट नव्हती. पांढरं नव्हतं. तिनं डाव्या डोळ्याकडं बघितलं, मग परत उजव्याकडं. जुळ्या बहिणींसारख्या दोन पापण्या, एक गुलाबी, एक अर्धी कॉफी.

शालूबाईनं तोंडातनं आवाज निघू दिला नाही. आत्ता बोललो आणि उघडला तर?

“थांबलात का आत्या?” निशिगंधा डोळे मिटूनच म्हणाली. “नीट दाबून धरा हं. सोडलात तर उघडेल तो.”

“धरलाय की,” शालूबाई म्हणाली. दोन्ही हात तिनं डोक्याच्या वर उचलून धरले होते, पोलिसानं बंदूक रोखल्यावर उचलतात तसे. एका हातात ब्रश, एका हातात कांडी. पापणी ढिम्म हलली नाही.

“निशा,” ती हळू म्हणाली.

“काय?”

“माझा हात कुठं हाय सांग बघू.”

“कुठं म्हणजे? डोळ्यावर.” अंगठ्याचा दाब तिला अजून पापणीवर जाणवत असावा.

शालूबाईनं ब्रश आणि कांडी पलंगावर टाकली आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली. खणखणीत, आरतीला वाजवावी तशी. “ही ऐक. ही बघ. दोन्ही हात हितं हायती माझं! ऐकलीस न्हवं?” आणि तिनं पुन्हा वाजवली. आणि पुन्हा.

निशिगंधा दगडासारखी बसून राहिली. तिचा हात वर आला, उजव्या डोळ्याजवळ गेला, पण पापणीला लावायचा धीर होईना. तिनं डोळ्यासमोरची हवा चाचपून पाहिली. तिथं सासूचा अंगठा नव्हता.

“आत्या, सगळा अंधार आहे,” ती म्हणाली. “दोन्हीकडं.”

“आसणारच की! मिटलाय त्यो. पुरा मिटलाय!”

“उघडू का?”

“उघड.”

“परत मिटला नाही तर?”

शालूबाईनं सुनेचे दोन्ही खांदे धरले. “न्हाय मिटला तर आपण हितंच बसू,” ती म्हणाली. “साखरपुडा झक मारंना. तू उघड.”

निशिगंधानं डोळे उघडले. उजव्यातनं घळाघळा पाणी आलं, पण ते नेहमीचंच. मग तिनं श्वास रोखला आणि मिटले. मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. उजवा जरा सावकाश यायचा, डाव्याच्या मागनं, लंगडत्या माणसानं जिना उतरावा तसा. पण खालच्या पायरीपर्यंत यायचा. शालूबाई प्रत्येक वेळी ओरडत होती, “मिटला! हां, मिटला! पुन्यांदा!”

“मला बघायचंय,” निशिगंधा म्हणाली आणि आरशापुढं गेली. तिथं उभी राहून तिनं डोळे मिटले, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपले दोन्ही डोळे मिटलेले आपल्याला आरशात कसे दिसणार? ती हसायला लागली. गेले काही महिने हसताना तोंडावर हात जायचा, तो आज गेला नाही. “फोटो काढा आत्या. माझा फोटो काढा.”

शालूबाईनं मोबाईल हातात घेतला खरा, पण बोटांवर सगळा रंग आणि डोळ्यांत पाणी. पहिल्या फोटोत तिचाच अंगठा आला, दुसऱ्यात पंखा. तिसऱ्यात निशिगंधा आली, जरा हललेली, दोन्ही पापण्या मिटलेल्या. निशिगंधानं तो फोटो बोटांनी मोठा केला. उजव्या पापणीवर आणून परत परत मोठा केला. मग मोबाईल छातीशी धरून ती पलंगावर बसली आणि हुंदके देऊन रडली. शालूबाईनं तिला रडू दिलं. पाठीवरनं हात फिरवताना वांगी ब्लाउजवर कॉफीचे पट्टे उमटले, ते दोघींनाही नंतर दिसले.

एवढ्यात कृष्णात वर आला. तो तणतणतच दारात उभा राहिला. “आगं, माणसं जेवून हात धुतील तिकडं! तुमचं…” आणि त्याची वाचाच बसली. बायकोच्या एका डोळ्यावर रंग, दुसरा कोरा, गालावर पाण्याचे ओघळ. सून पदरात तोंड घालून बसलेली. “आरं देवा. काय झालं? कोण गेलं?”

“कोण जातंय! आवं, हिचा डोळा मिटला!”

कृष्णातला आधी कळेना. मग कळलं. तो पुढं आला, चपलांसकट, आणि खुर्चीवर बसला. साखर कारखान्यात मशिनवर काढलेल्या जन्मात त्याला मोठ्यानं आनंद करायची सवय राहिली नव्हती.

“मीट बघू पोरी परत,” तो म्हणाला.

निशिगंधानं मिटून दाखवले. त्यानं मान डोलावली. “आता उघड.” तिनं उघडले. “हां,” तो म्हणाला. मग विचार करून म्हणाला, “ह्यो आज मिटाय लागला न्हाय. आदीच मिटत आसणार. आपण रोज पट्टी मारून झाकून टाकतोय. पट्टीखालचं कुणाला दिसणार?”

शालूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. किती दिवस झाले असतील? चार? आठ? आपण “मीट बघू” म्हणायचं सोडलं नसतं तर आधीच कळलं असतं. पण आज त्याचं दुःख करायला तिला सवड नव्हती. निशिगंधानं विश्वजितला फोन लावला होता आणि त्याच्या मागं मंडपातला गलका ऐकू येत होता. “अहो, ऐका ना, मिटला,” एवढंच ती म्हणत होती. तिकडनं तो “काय मिटलं? कुणाचं भांडण मिटलं?” असं ओरडत होता. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यानं फोन आईकडं द्यायला सांगितला. “घेऊन या तिला लवकर,” तो मग आईला म्हणाला. “सावकाश या, पण लवकर या.”

उरलेली अर्धी पापणी निशिगंधानं स्वतः रंगवली. एका हातानं, आरशात दुसऱ्या डोळ्यानं बघत, जशी ती पूर्वी करायची. हात थरथरला नाही. डोळा उघडा असताना अजून जरा मोठाच दिसत होता, हसताना ओठही मागं राहत होता. कॉफीनं त्यातलं बरंचसं सांभाळून घेतलं. मग तिनं ओला रुमाल घेऊन ब्लाउजवरचे डाग टिपले, गेले तेवढे गेले, बाकीचे पदराखाली घातले. शेवटी ती सासूकडं वळली.

“एकाच डोळ्यानं येताय का? बसा.”

“पुसून टाक माझं.”

“बसा म्हटलं ना.”

कृष्णात म्हणाला, “लावून घे. बरं दिसतंय.” आणि एवढं बोलून तो घाईघाईनं जिना उतरून गेला. शालूबाई बसली.

कोडोलीला पोचले तेव्हा मंडपात भटजी हाताची घडी घालून बसले होते. आक्का पहिल्याच रांगेत. निशिगंधा मास्कशिवाय, स्कार्फशिवाय आत आली तशी आक्का खुर्चीवरनं अर्धी उठली आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आगं, बरी झालीस की गं! मला वाटलं, ऱ्हातंय आता तसंच!”

शालूबाई मध्ये पडायला पुढं झाली. पण निशिगंधा थांबली आणि आक्काकडं बघून म्हणाली, “मलापण वाटलं होतं आक्का.” पाच-सहा बायका हसल्या, त्यात नव्या मुलीची आईही होती. तिनं पुढं होऊन निशिगंधाचा हात धरला. “माझ्या थोरल्या भावालाबी झालतं आसलं,” ती म्हणाली. “सा महिनं लागलं त्याला. तुमचं लवकर झालं म्हनायचं.” आणि तिला हातानं धरूनच पाटाकडं घेऊन गेली. ज्याची एवढी धास्ती घेतली होती, ते बोलणं एवढ्यात संपलं सुद्धा.

ओटी भरताना व्हिडिओवाल्यानं दिव्याचा झोत सरळ निशिगंधाच्या तोंडावर टाकला. विश्वजित पुढं येऊन त्याला काही सांगायला निघाला, पण शालूबाईनं त्याचा दंड धरला. झोताच्या उजेडात निशिगंधानं डोळे मिटले, उजवा जरा उशिरानं, आणि परत उघडले. मग तिनं खण-नारळ उचलला, मुलीच्या ओटीत घातला, आणि तिच्या कानात वाकून काहीतरी म्हणाली. दोघी जावा हसल्या. शालूबाई ते बघत राहिली. उजेडाला डोळा मिटतो, यात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणालं असतं, पण तिची नजर हलत नव्हती.

मग पंगत बसली. पानात मसालेभात आला, पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी, जिलेबी आली, आणि शालूबाईला सपाटून भूक लागली. थंडीपासनं पानावर बसायचं म्हणून बसत होती ती. आज भाताची मूद बघता बघता संपली. वाढप्या दुसऱ्यांदा आला आणि लाजत लाजत अर्धा डाव भात टाकून पुढं सरकला, तशी तिनं त्याला हाक मारून मागं बोलावलं.

“आवं पावणं,” ती म्हणाली, “हात कशाला आखडताय? वाढा की भरून. आन् जिलेबीवाल्यालाबी हिकडं धाडा.”